भीती असू दे, बोलणं मायेचं असू दे

मुलगी साडेनऊपर्यंत घरी पोचली नाही, की आईच्या पोटात गोळा येतो. ती दारात आली, की तोंडून निघतं, "ही काय वेळ आहे घरी यायची?" पोटात काळजी होती, मुलीच्या कानावर पडला तो संशय. तीही मग फणकारून आत जाते आणि पुढच्या वेळी उशीर होणार असला तरी कळवत नाही.

आपल्याकडे भीती स्वतःचं नाव सांगून फार क्वचित येते. ती रागावणं, टोमणा, उलटतपासणी, न मागितलेला सल्ला किंवा दोन-दोन दिवसांचा अबोला होऊन येते. म्हणून नुसतं "प्रेमाने वागा" म्हटल्याने कोणाच्या हाती काही लागत नाही. भीती वाटणं आपल्या हातात नाही. ती वाटल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, कोणाला फोन लावायचा, कोणता मेसेज पुढे पाठवायचा नाही, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात पहिल्या दोनच करा.

पायरी १: आधी श्वास, मग शब्द

धोका जाणवला, की मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग आपला विचार पूर्ण व्हायच्या आधीच शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात. समोर साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. समोर मुलाची गुणपत्रिका असेल तर याच अवस्थेत आपण नंतर परत घेता न येणारं काहीतरी बोलून बसतो.

म्हणून पहिली दोन मिनिटं निर्णय नाही आणि भाषणही नाही. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा ते आठ मोजत सावकाश सोडा. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असला पाहिजे, एवढंच लक्षात ठेवायचं. उच्छ्वास लांबला, की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके थोडे संथ होतात. असं सहा-सात वेळा करा. दम्याचा त्रास असेल किंवा गरगरायला लागलं तर मोजणी सोडून नेहमीसारखा श्वास घ्या.

काहींना बसून श्वास मोजणं जमत नाही, उलट जास्तच घुसमटतं. त्यांनी उठून पाणी प्यावं, झाडांना घालावं, वाळलेले कपडे घडी करावेत. भांडी आवरायला गेलात तर ती आपटायची नाहीत. ते बोलणंच झालं.

पायरी २: भीतीचं पूर्ण वाक्य करा

"टेन्शन आलंय" हे पुरेसं नाही. कशाचं? "मला भीती वाटते की..." इथून सुरुवात करा आणि वाक्य शेवटापर्यंत न्या. मनातल्या मनात चालेल, कागदावर उत्तम. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली केलेल्या मेंदूच्या तपासणीत असं दिसलं होतं, की एखाद्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डलाची हालचाल कमी होते. म्हणजे नाव देणं ही नुसती समजूत काढण्याची युक्ती नाही.

वाक्य पूर्ण करताना बहुतेक वेळा आत दुसरंच काहीतरी निघतं. "सुनेने नोकरी बदलायचं ठरवलं हे मला पटत नाही" या वाक्याच्या तळाशी "मला भीती वाटते की ते दोघं पुण्याला जातील आणि आम्ही इथे एकटे पडू" असं असू शकतं. पहिल्या वाक्यावर भांडण होतं. दुसऱ्यावर बोलता येतं.

वाक्य लिहून झालं, की स्वतःला एकच प्रश्न विचारा: यावर आज करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते करा, मग ते विम्याचा हप्ता भरणं असो की डॉक्टरांची वेळ घेणं. नसेल तर पुढच्या पायरीवर या.

पायरी ३: काळजीला ठरावीक वेळ द्या

थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचवलेली ही पद्धत फार साधी आहे. रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात काळजी डोकं वर काढेल तेव्हा ती वहीत एका ओळीत टिपून ठेवायची आणि "संध्याकाळी बघू" म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. संध्याकाळी वही उघडून बसायचं.

दोन गोष्टी सांभाळा. ही बैठक अंथरुणावर नको आणि झोपायच्या तोंडावरही नको. घरात गडबड असते ती वेळही टाळा. कामावरून आल्यावर चहा झाला, की बरं. अर्धा तास फार वाटला तर वीस मिनिटं बसा. गंमत अशी, की सकाळी पर्वताएवढ्या वाटलेल्या निम्म्या ओळी संध्याकाळी वाचताना आपल्यालाच नीट आठवत नाहीत.

वहीचा आणखी एक उपयोग आहे, तो महिन्याने कळतो. प्रत्येक ओळीपुढे "झालं" किंवा "नाही झालं" लिहा. पेनसिल्व्हेनियातल्या ल्यूकस लाफ्रेनिअर आणि मिशेल न्यूमन यांनी सततच्या चिंतेचा विकार असलेल्या लोकांकडून अशाच काळज्या लिहून घेतल्या आणि पुढे तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यास लहान होता, जेमतेम तीसेक जणांचा, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावू नये. तुमचा आकडा तुमच्या वहीत मिळेल, आणि तुमचं मन दुसऱ्या कोणाच्या आकड्यापेक्षा त्याचं जास्त ऐकेल.

पायरी ४: पहिलं वाक्य बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, कारण घरातली बहुतेक भांडणं पहिल्या वाक्यावरच ठरतात.

दहावीचा निकाल घ्या. अलीकडे तो दुपारी एकच्या सुमाराला ऑनलाइन लागतो. साइट उघडत नाही, शेजारच्यांचा आकडा आधीच कळलेला असतो, मामाचा फोन दोनदा येऊन गेलेला असतो. मुलगी मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत येते. "पप्पा, एकसष्ट टक्के."

पप्पांच्या डोक्यात त्या दोन सेकंदांत काय-काय जातं: चांगलं कॉलेज गेलं, क्लासचे पैसे गेले, मामाला काय सांगायचं. भीतीने बोलायचं तर वाक्य तयार असतं. "सांगत होतो, मोबाइल बाजूला ठेव म्हणून!" ते खरंही असेल. पण त्या मुलीला निकालाच्या दिवसाचं पुढे जे काही आठवेल, ते हेच वाक्य.

दुसरं वाक्य असं: "बरं. ये, बस इथे. जेवलीस का?" यात खोटं कौतुक नाही. "वा, छान" म्हणायची गरज नाही. मुलांना ते खोटं लगेच कळतं. मामाचा तिसरा फोन आला तर तो आईने घ्यावा आणि "एकसष्ट टक्के, पास झाली, नंतर निवांत बोलू" एवढं सांगून ठेवावा. मुलीच्या हातात फोन द्यायचा नाही. पुढच्या वाटांचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी, कागद घेऊन: कोणत्या कॉलेजचं कटऑफ किती, डिप्लोमा, आयटीआय. मूल नापास झालं असेल तर पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळण्याची सोयही असते. ही माहिती निकालाच्या आधीच काढून ठेवली, तर निकालाच्या दिवशी "वर्ष वाया गेलं" हे वाक्य तोंडात येतच नाही. बाप मायेने बोलला, कारण त्याने आधी चौकशी करून ठेवली होती, असं अनेकदा असतं.

दुसरा प्रसंग उलट्या दिशेचा. वडिलांना चालताना धाप लागते आणि ते डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. मुलगा घाबरलेला आहे, म्हणून ओरडतो: "बाबा, तुम्हाला कितीदा सांगायचं? काही झालं तर धावपळ आम्हालाच करावी लागते!" वडील गप्प होतात, आणि दवाखाना आणखी महिनाभर लांबतो. तोच मुलगा असं म्हणाला तर? "बाबा, तुम्हाला धाप लागताना बघून मला भीती वाटते. उद्या मी अर्धा दिवस सुट्टी घेतो, दोघं मिळून जाऊ. येताना तुमच्या त्या हॉटेलात मिसळ खाऊ, डॉक्टर नाही म्हणाले नाहीत तर." या बोलण्यात भीती लपवलेली नाही, उघड सांगितली आहे. पुढे दिवस ठरलेला आहे, सोबत ठरलेली आहे. आपल्याकडच्या पुरुषांना "मला भीती वाटते" हे शब्द फार जड जातात. रागावणं त्यांना सोपं वाटतं. पहिल्यांदा म्हणताना आवाज थोडा चिरकेल, म्हणून सोडू नका.

उशिरा येणाऱ्या मुलीचं काय? तिथे दाराशी बोलायचंच नाही. एखाद्या रविवारी, सगळे निवांत असताना ठरवायचं: "उशीर होणार असेल तर 'निघाले' एवढं टाक. मी फोनवर फोन करणार नाही, तू मेसेज चुकवायचा नाही." शब्द दोघांनी दिलेला असतो. आईनेही आपला शब्द पाळायचा, म्हणजे 'निघाले' आल्यावर 'कुठपर्यंत आलीस' विचारायचं नाही.

बोलणंच सुचत नसेल तर हात धरा. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूची तपासणी केली होती. हलका विजेचा झटका बसणार अशी सूचना मिळाली असताना नवऱ्याचा हात हातात असेल, तर मेंदूतली धोक्याची खळबळ कमी दिसली. परक्याच्या हातानेही थोडा फरक पडला, पण तेवढा नाही. ज्यांचा संसार जास्त सुखाचा त्यांना जास्त आधार मिळाला. शस्त्रक्रियेच्या आधी, परीक्षेच्या सकाळी, स्मशानातून परतल्यावर "काळजी करू नकोस" म्हणण्यापेक्षा हे बरं.

पायरी ५: आभार नेमके माना

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ज्या खांद्यावर राहिलं, तोच खांदा गरम पाण्याने शेकून हळद-तूप लावून चोळतात आणि बैलाला सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. शेतकरी त्या दिवशी बैलाचे मोघम आभार मानत नाही. ज्या जागी ओझं होतं, त्याच जागी हात ठेवतो.

माणसांचे आभार मानताना आपण हे विसरतो. "सगळ्यांनी खूप केलं" यात कोणाचाच खांदा नसतो. त्याऐवजी: "वहिनी, आई आयसीयूत होती तेव्हा तीन दिवस तुम्ही आमच्या मुलांचे डबे केलेत. मला त्या वेळी बोलायला सुचलं नाही." माणूस, काम, आणि त्याने आपल्याला काय झालं, एवढ्या तीन गोष्टी वाक्यात आल्या की पुरे.

लिहिण्याचीही सवय करता येते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो यांच्या २००३ सालच्या एका प्रयोगात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य एकंदरीत बरं वाटत होतं आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त आशा होती. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. रोज रात्री जबरदस्तीने पाच गोष्टी लिहायला बसलं, की चौथ्या दिवसापासून "पाऊस, चहा, कुटुंब" अशी यादी व्हायला लागते आणि वही कपाटात जाते. रविवारी तीन ओळी लिहा, पण त्यात तारीख आणि माणूस असू द्या.

आभार मानताना लाज वाटते, "आता इतक्या वर्षांनी काय बोलायचं" असं वाटतं. तीही एक भीतीच आहे, आणि बहुधा चुकीची. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. ज्यांना पत्रं मिळाली त्यांना अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते अवघडले त्यापेक्षा कितीतरी कमी आणि सुखावले त्यापेक्षा जास्त. तेव्हा शाळेतल्या बाईंचा नंबर मिळाला असेल तर फोन करा. अलंकारिक बोलू नका. "बाई, मी अमुक वर्षाचा, तुम्ही मला वक्तृत्वाला उभं केलं होतंत" एवढ्याने सुरुवात होते.

एक खबरदारी. दुःखात असलेल्या माणसाला "तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक बघ" असं म्हणणं म्हणजे कृतज्ञता शिकवणं नव्हे. त्याचं तोंड बंद करायचा तो सभ्य मार्ग आहे.

पायरी ६: दयाळूपणा पगाराच्या दिवशी दाखवा

सिग्नलवरच्या मुलाला बिस्किटपुडा देणं सोपं असतं. अवघड जातं ते रोज दिसणाऱ्या माणसांशी, कारण तिथे भीती आडवी येते: सैल सोडलं तर डोक्यावर बसतील. घरी कामाला येणाऱ्या ताई आजारी पडल्या, की पगार कापायचा का, हा प्रश्न या भीतीचाच आहे. आपल्याला ऑफिसात आजारपणाची रजा मिळते. त्यांनाही महिन्याला ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या द्या, दिवाळीच्या बोनसची रक्कम आधी सांगा, उचल दिली तर ती किती हप्त्यांत फिटणार हे दोघांनी लिहून ठेवा. सगळं आधी ठरलं, की दर वेळी मोठ्या मनाचा आव आणावा लागत नाही आणि त्यांनाही दर वेळी हात पसरावा लागत नाही. मला दयाळूपणाचा हा प्रकार सगळ्यात पक्का वाटतो, कारण आपला मूड खराब असला तरी तो चालू राहतो.

बाकी छोट्या गोष्टी आहेत. वॉचमनकाकांना नावाने हाक मारा. कुरिअरवाल्याला उन्हाळ्यात पाणी विचारा. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून वाद झाला तर ग्रुपवर चार लोकांदेखत लिहिण्याऐवजी जिना चढून त्या घरी जा. वारीत समोरच्याचं वय-जात न विचारता एकमेकांना "माउली" म्हणून पाया पडतात; शहरात परत आल्यावर निदान लिफ्टमध्ये मान हलवायला हरकत नसावी.

पायरी ७: घाबरवणारा मेसेज पुढे पाठवू नका

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा आठवडेच्या आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

त्या अफवा पुढे पाठवणारे बहुतेक जण स्वतःला काळजीवाहूच समजत असतील. "खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं." हे वाक्य आपल्या तोंडी किंवा बोटाशी आलं, की थांबायचं. तारीख आहे का, गाव आहे का, पोलिसांनी किंवा वर्तमानपत्राने सांगितलंय का, हे बघा. नसेल तर तो मेसेज आपल्याकडेच संपवा. ग्रुपवर आलाच, तर पाठवणाऱ्या काकांना चारचौघांत खोटं पाडू नका. वेगळा फोन करून सांगा. ते स्वतःच काढून टाकतील.

पायरी ८: जिथे भीतीचंच ऐकायचं

आतापर्यंतचं सगळं रोजच्या, बिनधोक्याच्या भीतीसाठी होतं. खरा धोका असेल तिथे प्रेम आणि क्षमा मध्ये आणू नका. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर श्वास मोजत बसू नका. १०८ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. घरात कोणी हात उचलत असेल, तर समजून घेण्याची जबाबदारी मार खाणाऱ्याची नाही. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, मुलांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा आहे आणि त्यात शिव्यागाळी, पैशांची अडवणूक हेही येतं.

"तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात" असा व्हिडिओ कॉल आला तर सभ्यपणे ऐकत राहू नका, फोन ठेवा. डिजिटल अटक असं काही कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०ला कळवा. आणि घरातल्या ज्या आजोबांचे पैसे गेले त्यांना "एवढं कसं कळलं नाही?" विचारू नका. चौथी पायरी इथेही लागू आहे.

भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर ही वही-श्वासांची गोष्ट राहिलेली नाही. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. घरातलं कोणी त्या अवस्थेत असेल, तर "एकदा डॉक्टरला दाखवून ये" म्हणून मोकळे होऊ नका. वेळ तुम्ही घ्या, रिक्षा तुम्ही बोलवा, आणि आत जायचं की बाहेर बाकावर बसायचं, हे त्यांना विचारून ठरवा.